पुण्याची ‘निळी रेसर’ खरंच होती का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुन्या मोटारींचा नाद आहे असं कळलं की पुण्यात लोक दोन प्रश्न विचारतात. पहिला, ‘ॲव्हरेज किती देते?’ आणि दुसरा, ‘ती निळी रेसर खरंच होती का हो?’ पहिल्याचं उत्तर सोपं आहे: देत नाही. दुसऱ्याला वेळ लागतो, म्हणून सगळं एकदाच लिहून ठेवतोय.

कोणती निळी रेसर? आम्ही पहिल्यांदाच ऐकतोय.

कथा अशी. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी पुण्यात कोणाकडे तरी एक शर्यतीची मोटार होती. निळी, लांब नाकाची, एकाच माणसाला बसता येईल अशी. मालकाने पैज लावली. सकाळी डेक्कन क्वीन पुणे स्टेशनातून हलली त्याच क्षणी याने मोटार काढली, आणि आगगाडी बोरीबंदरला लागली तेव्हा हा गृहस्थ स्टेशनासमोर चहा पीत बसला होता. पुढे ती मोटार एका वाड्यात कुलुपात गेली आणि परत कोणाला दिसली नाही.

मालक कोण यावर एकमत नाही. सदाशिव पेठेतला सांगणारा म्हणतो, एका संस्थानिकाचा धाकटा मुलगा. कॅम्पातला म्हणतो, खडकीच्या छावणीतला गोरा कॅप्टन. डेक्कनवर पोहोचेपर्यंत तो मोठा सर्जन झालेला असतो. नाना पेठेत मात्र तो मेकॅनिक असतो, आणि मालक परगावी गेलेला बघून मोटार बाहेर काढतो. मला ही शेवटची आवृत्ती सगळ्यात आवडते, पण आवडण्याचा आणि खरं असण्याचा संबंध नाही. मोटारीचं नाव बहुतेकदा बुगाटी, कधी बेंटली. कोणी ‘रोल्स रॉइसची रेसिंग’ म्हणालं तर हो म्हणावं आणि विषय बदलावा.

एका वाक्यात सांगा. होती की नव्हती?

कथेत सांगतात तशी, बहुधा नव्हती.

‘बहुधा’ कशाला? ठाम बोला की.

कारण यात चार वेगवेगळे प्रश्न आहेत आणि लोक ते एकाच घासात गिळतात. अशी मोटार कारखान्यात बनली का? बनली तर ती पुण्यात आली का? आली तर ती पैज लावून धावली का? आणि आज कोणाच्या गोदामात जे काही पडलंय, ते तिचंच आहे का? प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, आणि एकाचं उत्तर ‘हो’ आलं म्हणून पुढच्याचं येत नाही.

जगात या सगळ्यांचे नमुने आहेत. मर्सिडीज-बेंझने १९३९ मध्ये टी ८० नावाची सहा चाकांची, विमानाचं ४४.५ लिटरचं इंजिन घातलेली विक्रमासाठीची मोटार बनवली. युद्ध सुरू झालं, विक्रमाचा बेत रद्द झाला. मोटार आजही श्टुटगार्टच्या संग्रहालयात आहे, विक्रमासाठी एकदाही न धावलेली. फेरारीची १५६, ते शार्कच्या तोंडासारखं नाक असलेली, हिचं उलट. १९६१ मध्ये तिने फिल हिलला जगज्जेता केलं. पुढे कारखान्याने सगळ्या मोडीत काढल्या. आज दिसतात त्या नकला. बुगाटीची काळी टाइप ५७ एससी अटलांटिक आणखी तिसरी. चासी (म्हणजे मोटारीचा सांगाडा) क्रमांक ५७४५३, फोटो उपलब्ध, मालक खुद्द बुगाटी कुटुंब. युद्धाच्या धांदलीत नाहीशी झाली ती आजवर सापडलेली नाही. पण ती ‘होती’ याबद्दल कोणी वाद घालत नाही, कारण तिला क्रमांक आहे.

निळ्या रेसरला क्रमांक नाही. तिला फक्त चहा पिणारा मालक आहे.

म्हणजे आमचे आजोबा खोटं बोलत होते?

अजिबात नाही. त्यांनी जे ऐकलं ते सांगितलं. हा प्रकार बखरीसारखा आहे. बखरकार काही लबाड नव्हते. ऐकलेलं, आठवलेलं, ऐकणाऱ्याला रुचेल अशा क्रमाने त्यांनी मांडलं. घटना खरी, पण तारीख सरकलेली, आकडा फुगलेला आणि एकाचा पराक्रम दुसऱ्याच्या नावावर. १८९८ मध्ये वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला आणि पानिपतच्या काळातली अस्सल पत्रं लोकांपुढे ठेवली, तेव्हा बखरीतलं काय टिकतं आणि काय नाही हे ताडून बघता यायला लागलं. निळ्या रेसरची आपल्याकडे बखर आहे. पत्र एकही नाही.

मालक दर वेळी वेगळा का असतो?

कारण कथेला मालक लागतो आणि सांगणारा जवळचा बघून देतो. राजाने रोल्स रॉइस कचरा गोळा करायला लावल्याची गोष्ट घ्या. जास्त करून अलवरच्या नावावर सांगतात, पण पतियाळा, भरतपूर, हैदराबाद, सगळीकडे तीच. शोरूममधला अपमान तोच, झाडूही तोच, फक्त गादी बदलते.

पण डेक्कन क्वीनला हरवणं शक्य तरी होतं का?

कागदावर, जेमतेम. डेक्कन क्वीन १ जून १९३० ला सुरू झाली. पुणे ते बोरीबंदर १९२ किलोमीटर, आणि ही गाडी ते पावणेतीन तासांत जायची. म्हणजे ताशी सरासरी ७० किलोमीटर.

आता मोटार. १९२७ च्या पहिल्या मिले मिलियात, म्हणजे इटलीतल्या रस्त्यांवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत, जिंकणाऱ्या ओएम मोटारीची सरासरी ताशी ७७ होती. १९३० मध्ये नुवोलारी या नामांकित शर्यतपटूने तिथेच अल्फा रोमिओत पहिल्यांदा शंभरची सरासरी ओलांडली. पण तो नुवोलारी, रस्ता शर्यतीचा, आणि वाटेत बैलगाडी नाही. आपल्याकडे रस्त्यावर बैलगाड्या होत्या, गुरं होती, बोरघाटातली वळणं होती. वाशीचा पूल व्हायला अजून चार दशकं होती, त्यामुळे पनवेलहून ठाण्याला वळसा घालून मुंबईत शिरायचं. यात ७० ची सरासरी काढायची म्हणजे मोकळ्या पट्ट्यांत सतत शंभरच्या पुढे पळायला हवं. त्या काळच्या टायरवर, एकही पंक्चर न होता. आणि वर चहाला वेळ.

अशक्य म्हणत नाही. पैज मी उलट बाजूने लावेन एवढंच.

मग ही पैजेची कल्पना आली कुठून?

हा या सगळ्या प्रकरणातला माझा सगळ्यात आवडता भाग आहे.

मार्च १९३० मध्ये, म्हणजे डेक्कन क्वीन सुरू होण्याच्या जेमतेम अडीच महिने आधी, वुल्फ बार्नाटो नावाच्या श्रीमंत गड्याने फ्रान्समध्ये शंभर पौंडांची पैज लावली. बार्नाटो बेंटली कंपनीचा अध्यक्ष आणि ल मांची चोवीस तासांची शर्यत जिंकलेला शर्यतपटू. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरून कॅलेला जाणाऱ्या आलिशान ‘ब्लू ट्रेन’ला तो नुसता हरवणार नव्हता, ती कॅलेला पोहोचायच्या आत तो खाडी ओलांडून लंडनमध्ये आपल्या क्लबात असणार होता. १३ मार्चच्या संध्याकाळी तिथल्या कान शहरातून निघाला. पाऊस, धुकं, एक पंक्चर. दुसऱ्या दिवशी दुपारी क्लबात पोहोचला तेव्हा आगगाडीला कॅले गाठायला चार मिनिटं बाकी होती.

आता गंमत बघा. पुढे कित्येक वर्षं या शर्यतीच्या चित्रांत जी मोटार दाखवली गेली ती गर्नी नटिंगने बांधलेली देखणी, उतरत्या छताची बेंटली स्पीड सिक्स. तिलाच ‘ब्लू ट्रेन बेंटली’ म्हणायचे. प्रत्यक्षात ती मोटार बार्नाटोच्या हाती आली मे १९३० मध्ये. शर्यतीच्या दिवशी ती तयारच नव्हती! तो धावला होता मलिनरने बांधलेल्या साध्या बंदिस्त सलूनमधून. पण चित्रात साधी सलून कोणाला हवी असते? शर्यत खरी, माणूस खरा, मोटारही खरी, फक्त ती मोटार त्या शर्यतीत नव्हती.

आता पुण्याची कथा शेजारी ठेवा. आगगाडीशी पैज, श्रीमंत मालक, आधी पोहोचून निवांत बसणं, आणि निळा रंग. तिकडे निळी होती ती आगगाडी. आणि डेक्कन क्वीनचे सुरुवातीचे दोन रेक होते, त्यातला एक चंदेरी, लाल पट्ट्यांचा, आणि दुसरा गडद निळा, सोनेरी रेघांचा. माझा अंदाज असा की विलायती मासिकातून बार्नाटोची गोष्ट जिमखान्यावर आली, कोणीतरी ‘आपल्या इथे कोणी केलं तर?’ म्हणालं, आणि दोन पिढ्यांत ‘तर’ गळून पडलं. निळा रंग आगगाडीवरून उतरून मोटारीला लागला. हा अंदाज आहे. पण कथेतल्या पाचपैकी चार गोष्टी त्याने सुटतात.

सुटत नाही ती पाचवी कोणती?

वाडा. कुलूपबंद वाडा अस्सल पुणेरी आहे, तो फ्रान्समधून आलेला नाही.

बुगाटीच होती असं सांगणारे तपशील देतात. ते कसे तपासायचे?

देऊ द्या. तपशील जितके जास्त तितकं तपासायला सोपं. बुगाटीची गाजलेली शर्यतीची मोटार टाइप ३५. १९२४ मध्ये फ्रान्समधल्या लिऑंच्या ग्रां प्री शर्यतीत ती पहिल्यांदा उतरली. आठ सिलिंडर, दोन लिटर. पुढे ३५ बी आली ती २.३ लिटरची, सुपरचार्जरसकट (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप). हिची खूण म्हणजे चाकं. ॲल्युमिनियमची ओतीव, आठ चपट्या आऱ्यांची, ब्रेकचा ड्रम चाकातच. ज्याने ती चाकं जवळून पाहिली तो विसरणार नाही. तारांच्या आऱ्यांची चाकं सांगितली तर कदाचित टाइप ३७ असेल. दिसायला बरीचशी तशीच, पण चार सिलिंडर, दीड लिटर. कदाचित बुगाटी नसेलच.

‘एकाच माणसाची’ हा तपशील सगळे अगदी छातीठोकपणे सांगतात. तर शर्यतीत मेकॅनिकला शेजारी बसवणं १९२५ पासून बंद झालं, पण मोटारीची रुंदी मात्र दोन माणसांचीच ठेवायची असा नियम आणखी दोन वर्षं होता. एकासनी मोटारींना मोकळीक मिळाली १९२७ मध्ये, आणि ग्रां प्रीतली पहिली खरी एकासनी म्हणतात ती अल्फा रोमिओची पी ३, १९३२ ची. बुगाटी तर या बाबतीत इतका जुन्या वळणाचा की त्याची १९३३ ची टाइप ५९ सुद्धा दोन माणसांच्या रुंदीची आहे. म्हणजे १९३० ची एकासनी बुगाटी ही वर्णनातच अडकते.

सांगणाऱ्याच्या बाजूने एक मुद्दा मात्र नोंदवतो. शेजारची रिकामी जागा बरेच जण पत्र्याने किंवा कॅनव्हासने झाकायचे. रस्त्याच्या कडेला उभ्या पोराला ती एकासनीच दिसणार.

निळ्या रंगाने काही सिद्ध होत नाही. फ्रेंच मोटारी शर्यतीत निळ्या, इंग्रज हिरव्या, इटालियन लाल हा दंडक होता खरा, पण पुण्यात आलेल्या मोटारीला कोण विचारतोय? मालकाच्या बायकोला शेंदरी आवडला तर शेंदरी.

स्टिअरिंग उजवीकडे होतं, म्हणजे खास हिंदुस्थानसाठी मागवलेली असणार ना?

नाही. त्या काळच्या युरोपातल्या बहुतेक शर्यतीच्या मोटारींचं स्टिअरिंग उजवीकडेच असे, फ्रेंच असो की इटालियन. ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने, त्यामुळे उजवी बाजू आतली.

आवाज आणि वास आठवणारी माणसं भेटतात. त्यावर विश्वास ठेवायचा का?

आवाजावर कमी. ‘वाघासारखी गर्जायची’ हे सायलेन्सर फुटलेल्या कुठल्याही मोटारीबद्दल म्हणता येतं.

वासाचं तसं नाही. शर्यतीच्या इंजिनांत तेव्हा एरंडेल तेलावर बनवलेलं वंगण घालत. खूप तापल्यावरही ते टिकायचं, आणि जळताना त्याचा एक गोडसर, घशात बसणारा वास यायचा. साध्या मोटारीत ते कोणी घालत नसे, कारण महाग, आणि काढून नाही टाकलं तर आत चिकटा धरतं. म्हणून एखाद्या म्हाताऱ्या माणसाने आपणहून, न विचारता, ‘जाताना एरंडेलाचा वास सुटायचा’ असं सांगितलं तर मी वही काढतो. तेवढ्याने बुगाटी ठरत नाही. मोटारसायकलच्या शर्यतवालेही तेच तेल वापरायचे. पण शर्यतीचं काहीतरी त्या गल्लीतून गेलं होतं, एवढं धरून चालता येतं.

‘वास येत होता का, एरंडेलासारखा?’ असं आपण विचारलं की मग सगळ्यांना यायला लागतो. तसं विचारू नका.

त्या काळी आपल्याकडे मोटारींच्या शर्यती होत होत्या तरी का?

होत होत्या, पण आधी चाचण्या आणि शर्यती यांतला फरक. १९०४ च्या अखेरीस दिल्ली ते मुंबई अशी मोठी मोटार-चाचणी झाली. ती वेगाची नव्हती; मोटार न मोडता, ठरलेल्या वेळेत पोहोचते का याची होती. घराण्यांच्या कथांत अशा चाचण्यांच्या शर्यती होतात. पणजोबा ‘पोहोचले’ होते, पणतू म्हणतो ‘जिंकले’.

खऱ्या शर्यतींनी जोर धरला तो स्वातंत्र्यानंतर, आणि बहुतेक विमानांच्या धावपट्ट्यांवर. मुंबईला जुहू, कलकत्त्याकडे बराकपूर, मद्रासजवळ शोलावरम. शोलावरमची पट्टी युद्धकाळातली, आणि तिथल्या शर्यतींमागे १९५३ मध्ये स्थापन झालेला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब. पुण्याचे हौशी लोक मुंबईला जात, बघत, काही जण भागही घेत. म्हणून जुहूचा फोटो पुण्याच्या अल्बममध्ये निघाला तर नवल नाही.

या शर्यतींत धावणाऱ्या बऱ्याच मोटारी घरीच जुळवलेल्या असत. फोर्डचं व्ही ८ इंजिन, कुठली तरी चासी, डिस्पोजलमधून घेतलेल्या लष्करी मालाचे सुटे भाग आणि वर ठोकून काढलेला ॲल्युमिनियमचा पत्रा. लांब नाक, निळा रंग, एक सीट. ओळखीचं वाटतंय? मला विचाराल तर, पुण्यात कोणी खरंच काही पाहिलं असेल तर ते अशा जुळवलेल्या मोटारीपैकी एक असण्याची शक्यता सगळ्यात जास्त. नाना पेठेतल्या मेकॅनिकची आवृत्ती मला आवडते ती याच कारणाने. बुगाटी विकत घेणं श्रीमंतीचं काम. असली मोटार बनवणं अकलेचं.

युद्धानंतर परदेशातून मागवली असेल तर?

अवघड होत गेलं. १९५३ मध्ये टॅरिफ कमिशनच्या शिफारशीवरून सरकारने ठरवलं की इथे मोटारी बनवणार नाहीत, नुसत्या जोडून विकतील, त्या कंपन्यांनी गाशा गुंडाळावा. १९२८ पासून मुंबईत जोडणी करणारी जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. आयातीवर परवान्यांचा पहारा बसला. अशा काळात शर्यतीची मोटार आली असती तर तिने मागे कागद ठेवला असता, कारण त्या राजवटीत कागदाशिवाय काहीच होत नव्हतं.

कागद होते हो, पण ते पानशेतच्या पुरात गेले.

हं.

१२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली, आणि नदीकाठच्या पेठांत खरंच होत्याचं नव्हतं झालं. शनिवार, नारायण, कसबा, डेक्कनचा खालचा भाग. दप्तरं, फोटो, वह्या, लग्नाच्या पत्रिका, सगळं गेलं. ज्यांचं गेलं त्यांच्यापुढे शंका काढणं हे माणुसकीला धरून नाही.

पण एक साधा हिशेब मांडता येतो. मालकाची प्रत वाहून गेली तरी दुसरी प्रत कुठे असणार? कारखान्याच्या वहीत, मुंबई बंदराच्या कस्टममध्ये, विमा कंपनीकडे, वितरकाकडे. पूर मुठेला आला होता, बुगाटीचा कारखाना होता त्या फ्रान्समधल्या मोलसेमला नाही. शिवाय ज्या वाड्यात मोटार होती म्हणतात तो पर्वतीच्या पायथ्याशी चढावर असेल, तर तिथवर पाणी पोहोचलं कसं, हेही एकदा विचारून बघावं.

वर्तमानपत्रात बातमी आली होती म्हणतात. कुठल्या?

‘दुसऱ्या दिवशीच्या सकाळमध्ये’ असं उत्तर आलं तर तारीख विचारा. ‘सकाळ’ सुरू झाला १९३२ मध्ये. पैज १९३० ची असेल तर त्या सकाळी ‘सकाळ’ नव्हता. ‘केसरी’ होता, पण तो तेव्हा रोज निघत नव्हता. ‘ज्ञानप्रकाश’ होता, त्याच्या फायली चाळण्यासारख्या आहेत.

आणि १९३० चा उन्हाळा कसला होता तेही ध्यानात घ्या. सविनय कायदेभंग चाललेला, मे महिन्यापासून गांधीजी इथेच येरवड्याला तुरुंगात. त्या दिवसांत कोणा श्रीमंताने आगगाडीशी पैज लावली तर मराठी संपादकाने तिला दोन ओळी दिल्या असत्या, आणि त्याही फटकारणाऱ्या. शोधायचं तर मुंबईच्या इंग्रजी पत्रांत, जाहिरातींच्या रकान्यांत: ‘विकणे आहे’, टायरची दुकानं, वितरकांची फुशारकी. जाहिरात देणाऱ्याला शब्दाचे पैसे पडतात, तो उगाच थापा मारत नाही. बातम्यांत ‘रेस’ शोधायला गेलात तर मात्र घोडेच घोडे निघतील, तयारी ठेवा. डेक्कन क्वीनही सुरुवातीला शनिवार-रविवारीच धावायची, आणि तिच्यात शर्यतींच्या शौकिनांची गर्दी असे. त्यामुळे कथेत पैज बुधवारी लागली असेल तर तिथेच थांबा.

चासी क्रमांक सापडला तर प्रश्न मिटेल ना?

मिटेल, आणि तिथूनच खरे प्रश्न सुरू होतील.

आधी तो कुठे कोरलाय ते बघा. डॅशवरच्या पट्टीला काडीचीही किंमत नाही; तसली पट्टी कोणीही बनवून देतं. बुगाटीत क्रमांक इंजिनाच्या खोक्याच्या पायावर ठोकलेला असतो. टाइप ३५ चे चार आकडी, ४ ने सुरू होणारे. टाइप ३७ चे पाच आकडी, ३७ ने सुरू होणारे. इंग्लंडमध्ये प्रेस्कॉटला बुगाटी ट्रस्ट आहे, तिथे कारखान्याच्या नोंदींवरून बरंच ताडून बघता येतं. आणि अर्जेंटिनात पुर सांग नावाची कंपनी टाइप ३५ ची इतकी हुबेहूब नक्कल करते की भलेभले फसतात. नुसतं ‘हुबेहूब’ याला अर्थ नाही.

समजा क्रमांकही खरा निघाला. मग ‘तीच मोटार’ म्हणजे काय? १९११ ची फियाट एस ७६, अठ्ठावीस लिटरहून मोठ्या इंजिनाची, दोनच बनल्या होत्या. आज जी धावते तिच्यात चासी एकीची आणि इंजिन दुसरीचं. कोणी ती खोटी म्हणत नाही, कारण बनवणाऱ्याने हे लपवलेलं नाही.

कोर्टातही हे गेलंय. बेंटलीची ‘ओल्ड नंबर वन’, १९२९ आणि १९३० ची ल मां विजेती. १९९० मध्ये ती एक कोटी पौंडांना विकायचं ठरलं आणि खरेदीदार बिथरला. त्याचं म्हणणं, जिंकलेल्या मोटारीचं यात उरलंय काय? आणि खरंच फार थोडं उरलं होतं. दर हंगामाला चासी बदल, इंजिन बदल, बॉडी बदल. १९३२ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्स ट्रॅकवर तिच्यात क्लाइव्ह डनफी मेला, त्यानंतर पुन्हा वेगळीच बॉडी. लंडनच्या हायकोर्टाने निकाल दिला तो विक्रेत्याच्या बाजूने. भाग बदलले असले तरी मोटारीचं अस्तित्व अखंड चालत आलं, मध्ये कुठे ती संपली आणि नवी जन्मली असं झालं नाही, म्हणून ती तीच.

या निकालाने पुण्यातल्या आशावादी मंडळींना फार धीर येतो. येऊ नये. अखंड चालत आलेल्या अस्तित्वाला अखंड पुरावा लागतो, आणि तो तिथे होता.

खोट्या इतिहासामुळे कोणी मोठं अडकलंय का?

२००७ मध्ये ख्रिस्टीज ही लिलाव कंपनी पॅरिसला ऑटो युनियन या जर्मन कंपनीची १९३९ ची शर्यतीची मोटार, डी टाइप, विकणार होती, साठ लाख पौंडांच्या आसपास अपेक्षा. या मोटारी युद्धानंतर सोविएत फौजांनी नेल्या, बऱ्याच तिकडे कापल्या गेल्या. एखादी उरणं म्हणजेच नवल. मोटार खरी होती. पण तिच्या नावावर सांगितलेला शर्यतींचा इतिहास नक्की तिचाच की दुसऱ्या क्रमांकाचा, अशी शंका निघाली आणि लिलावातून ती काढून घेतली गेली. पत्रा, इंजिन, चाकं, सगळं जागेवर. गोष्ट तेवढी हलली.

प्रयोगशाळेत तपासून घेतलं तर? पुण्यात एआरएआय आहे ना?

आहे, मोटारींच्या चाचण्या आणि संशोधन करणारी संस्था, १९६६ पासून, वेताळ टेकडीवर. पण हे तिचं काम नाही. धातूतज्ज्ञ फार तर सांगेल की ओतकाम आणि मिश्रधातू त्या काळाशी जुळतात का. ते कोणाच्या मोटारीचे, हे धातू सांगत नाही.

ती मोटार वाड्याच्या विहिरीत टाकली म्हणतात.

आड रुंद होता का, ते आधी विचारा.

आमच्या जुन्या वाड्यात पत्र्याखाली खरंच काहीतरी मोटारीसारखं आहे. काय करू?

पहिलं, भंगारवाल्याला बोलावू नका. दुसरं, मेकॅनिकलाही बोलावू नका. तो चांगल्या मनाने वायर ब्रश मारेल आणि क्रमांकाची कडा घासून टाकेल. जागेवरून न हलवता सगळ्या बाजूंनी फोटो काढा. आजूबाजूच्या डब्यांत, खोक्यांत जे काही असेल ते तसंच राहू द्या. कार्बोरेटर, मॅग्नेटो बऱ्याचदा तुपाच्या डब्यात निघतात. कोरलेल्या आकड्यांवर खडू किंवा पीठ अलगद फिरवलं तरी वाचता येतात, घासायची गरज पडत नाही.

निघेल काय? बहुतेकदा ऑस्टिन सेव्हन, इवलीशी, ७४७ सीसी. नाहीतर फोर्ड. नाहीतर डिस्पोजलची जीप. निराश होऊ नका, ऑस्टिन सेव्हन ही फार गोड मोटार आहे आणि तिचे सुटे भाग आजही मिळतात.

ती रस्त्यावर आणायची तर आरटीओत काय लागतं?

२०२१ पासून व्हिंटेज वाहनांसाठी वेगळे नियम आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी किंवा चारचाकी, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल न केलेली. नंबर प्लेटवर ‘व्हीए’ अक्षरं येतात. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांसाठी; पुढच्या नूतनीकरणाला ५,०००. जुनं आरसी बुक, किंवा बाहेरून आणलेली असेल तर आयातीचे कागद, आणि विमा. रोज ऑफिसला नेता येत नाही. रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, तांत्रिक संशोधन एवढ्यापुरतीच.

शर्यतीची मोटार असेल तर तिला कधी दिवे, हॉर्न आणि नोंदणी होती का, इथूनच सुरुवात. नसेल तर ती कागदोपत्री जन्मलेलीच नाही, आणि त्या खिडकीपाशी बार्नाटोची गोष्ट कामाला येत नाही.

सापडली तर किंमत किती?

आधी सापडू द्या.

माझ्याकडे एक जुना फोटो आहे. त्यात ती आहे असं घरचे म्हणतात.

मग तुमच्याकडे बाकीच्यांपेक्षा खूप जास्त आहे. फोटो अल्बममधून ओढून काढू नका. मागचा काळा कागद सुटला तर त्याबरोबर पाठीवरचा मजकूरही जाईल. जागेवरच नीट स्कॅन करा, कडेसकट. मोटारीआधी मागचं बघा: झाडं, मैलाचा दगड, दुकानाची पाटी, माणसांच्या टोप्या, पोलिसाचा गणवेश. सपाट मोकळं मैदान, दूरवर हँगर आणि माडांची रांग असेल तर ते जुहू असणार, पुणे नव्हे. मोटारीवर गोलात आकडा रंगवलेला असेल तर तो शर्यतीचा क्रमांक. त्यावरून कधीकधी छापील कार्यक्रमपत्रिकेत चालकाचं नाव निघतं. चाकांचा तेवढा भाग मोठा करून बघा, आरे तारांचे की चपटे, आणि चपटे असतील तर मोजा. फोटो सुटा असेल तर पाठीमागचा स्टुडिओचा शिक्काही स्कॅन करा, पुसट असला तरी.